बाळा म्हणणारी मी नव्हे

१ मार्च, शनिवार

ताईने आज पुन्हा एका अनोळखी माणसाशी तासभर गप्पा मारल्या. तो तिला कसलीशी योजना विकायला निघाला होता. हिने त्याची झोप, पाठदुखी, सासूशी पटतं की नाही, सगळं विचारून घेतलं. शेवटी तोच म्हणाला, "आजी, ठेवू का आता?" मी तिला सांगून दमले, की असल्या लोकांशी बोलू नये, एक दिवस घर धुऊन नेतील. ती म्हणते, "बिचारा दमला होता गं."

मलाही फोन आला होता, पण तो कामाचा. मेसेजच्या कंपनीतला माणूस. अतिशय अदबीने बोलला. माझं खातं जुनं झालंय, आजच्या आज पडताळणी केली नाही तर कायमचं बंद होईल म्हणाला. गॅसवर दूध होतं. फोनवर आलेला आकडा मी त्याला वाचून दाखवला, त्याने आभार मानले. दोन मिनिटांत काम. बोलणं असं मुद्देसूद असावं. ताईने शिकावं.

२ मार्च, रविवार

फोनवर मेसेज उघडत नाहीत. फोन जुना झालाय बहुतेक. बरंच झालं, सकाळी सकाळी येणारी फुलांची चित्रं तरी टळली.

३ मार्च, सोमवार

सकाळी दगडाचा फोन. दगड म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, आता दातांची डॉक्टर आहे. तलावात पहिल्या दिवशी उतरली ती सरळ तळाला जाऊन बसली, म्हणून हे नाव. मी तिला वर काढली, शिकवली, पुढे ती शर्यती जिंकली, पण नाव काही बदललं नाही.

हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना? जवळ कोणी उभं आहे का? असेल तर नुसतं हो म्हणा."

"हो. ताई उभी आहे. झालंय काय?"

"तुमचा मेसेज आला काल. 'माझ्या लाडक्या बाळा, कशी आहेस? तुझी फार आठवण येते.'"

"मी असलं काही पाठवलेलं नाही."

"ते कळलंच मला! मी लगेच नवऱ्याला म्हटलं, मॅडमना कोणीतरी डांबून ठेवलंय आणि जबरदस्तीने लिहून घेतंय. बाळा! मॅडम मला? अहो, मी सुवर्णपदक घेऊन आले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'वळताना पाय उशिरा टेकला.'"

टेकलाच होता उशिरा.

दुपारपर्यंत असे बरेच फोन आले. कोणीतरी माझं खातं बळकावलंय. माझं नाव, माझा शिट्टीवाला फोटो, माझ्या फोनमधले सगळे नंबर. जन्मभर तलावावर मुलांना शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा नंबर काही थोडे नाहीत. आधी गोड बोलायचं, मग सांगायचं की तलावाची स्मरणिका काढतोय, त्यासाठी तुझ्या ओळखपत्राचा फोटो पाठव. काहींना म्हणे, 'चुकून माझा एक आकडा तुझ्या फोनवर आलाय, तेवढा कळव.'

ज्यांनी ओळखलं, त्या सगळ्यांनी एकाच गोष्टीवरून ओळखलं: मेसेज प्रेमळ होता. चोराला माझं नाव चोरता आलं, स्वभाव नाही आला.

संध्याकाळी ताईला चांगलं झापलं. म्हटलं, तुझ्या त्या तासतासभर गप्पांचं हे फळ.  ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

४ मार्च, मंगळवार

पोलीस ठाण्यात गेले. तक्रार घेणारी बाई तरुण, चष्मेवाली, कामाला वाघ. माझं सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "कोणाला ओटीपी सांगितला होतात?"

मी म्हटलं, "मी कशाला सांगेन? माझी मोठी बहीण आहे घरी, ती सगळ्यांशी बोलत बसते."

"बहिणीच्या फोनवर बोलून तुमचं खातं कसं जाईल, मॅडम? आकडा तुमच्या फोनवर आला असणार. गेल्या चारपाच दिवसांत कोणाचा फोन? घाई करणारा? 'आजच्या आज' म्हणणारा?"

मी म्हटलं, तसा कोणाचा नाही. कंपनीचा तेवढा आला होता.

तिने पेन खाली ठेवलं. हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "कंपनी कधीच फोन करून आकडा विचारत नाही. बँक नाही, पोलीस नाही, कोणी नाही. तो आकडा म्हणजे तुमच्या घराची किल्ली. दाराबाहेरच्या माणसाला खिडकीतून किल्ली देतो का आपण?"

मग तिने माझ्याच फोनवर माझं खातं परत उघडायला घेतलं. पण चोराने आत शिरून वर स्वतःची कडी घातलीय, एक गुप्त पिन. ती आपोआप निघायला आठवडा लागतो म्हणे. "तोवर सगळ्यांना स्वतः फोन करून सावध करा. मेसेज नको, आवाज ऐकवा." बँकेलाही कळवून झालं.

ताईला सांगायला हवं. उद्या सांगेन.

५ मार्च, बुधवार

सांगितलं. ताई इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. "दोन मिनिटांत काम! मुद्देसूद!" (हे मी तिला तोंडानेही ऐकवलं होतं, विसरलेच.)

मग म्हणाली, "अगं, मी त्यांना बोलायला लावते, माझं काही सांगते थोडीच? जन्मतारीख विचारली की मी दर वेळी निराळी देते. परवाच्या माणसाच्या हिशेबाने मी तुझ्यापेक्षा लहान आहे."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "पुरे. फोन घे आणि लाग कामाला. मी चहा टाकते."

६ मार्च, गुरुवार

दिवसभर फोन. घसा बसला. एवढं तर तलावावरही बोलले नसेन, तिथे शिट्टी होती.

ठरवलं होतं, एकेकाला थोडक्यात सांगायचं: खातं चोरीला गेलंय, काही पाठवू नकोस, पाठवलं असेल तर काय करायचं ते असं असं, ठेव फोन. पण लोक ठेवत नाहीत. तुफान (फुलपाखरू पद्धतीने पोहायचा, सगळं पाणी बाहेर) आता बेकरी चालवतो. त्याने मला भट्टीचा आवाज ऐकवला. एका मुलीला जुळ्या मुली आहेत, शाळेत जातात. एक जण म्हणाला, मॅडम, मी अजून रोज पोहतो आणि अजून तुमच्या भीतीने वळताना दोन्ही हात टेकवतो.

हे सगळं विषयाला सोडून होतं. तरी ऐकून घेतलं. लोकांना घाईघाईत सावध करून उपयोग नसतो, त्यांना आधी बोलू द्यावं लागतं.

ताई म्हणते, मी फोनवर हसते. मी हसत नाही. घसा साफ करत असते.

७ मार्च, शुक्रवार

आजही तेच. जेवण दुपारी चारला. लक्षातच आलं नाही.

८ मार्च, शनिवार

आज बेडकीला फोन केला.

यादीत शेवटी ठेवली होती. माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली, पण तसे पाय कोणाचे नव्हते. छातीवरच्या, बेडकासारख्या पोहण्यात ती पाण्याला लाथ मारायची नाही, पाणीच तिला वाट द्यायचं. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर एक दिवस यायची बंद झाली. घरी वडील अंथरुणाला खिळले होते, हिला नोकरी धरावी लागली, हे पुष्कळ नंतर कळलं. तिला सांगायचा संकोच झाला असेल, मला विचारायचा. वर्षं गेली. नंबर तेवढा कोणाकडून तरी मिळवून ठेवला होता, कधी लावला नव्हता.

पहिल्याच घंटेला उचलला. "मॅडम! तुमचा आवाज! मॅडम, मेसेज वाचला आणि मी रडलेच. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंना दाखवला. मी लिहिलं होतं, शर्यत सोडली म्हणून रागावला असाल, आणि तुम्ही लिहिलंत, 'तू शर्यत सोडलीस तरी मला तुझा कायम अभिमान वाटला.' मी किती वर्षं…"

मी उभी होते, ती खाली बसले.

मनात आलं, आज राहू दे. हे असंच राहू दे तिच्याकडे. कोणाचं काय बिघडतंय?

मग विचारलं, "तू ओळखपत्राचा फोटो पाठवलास का?"

"हो, लगेच! दोन्ही बाजूंचा. स्मरणिकेत माझं नाव येणार म्हणून…"

तिचं बिघडत होतं.

मी सांगितलं. "तो मेसेज माझा नाही. माझं खातं चोरीला गेलंय. ते ओळखपत्र चोराकडे आहे. त्याच्यावर तो तुझ्या नावाने कर्ज काढेल, सिमकार्ड घेईल. आत्ताच्या आत्ता बँकेला फोन कर. नंबर त्यांनी पाठवलेला नको, तुझ्या पासबुकावर छापलेला. मग पोलिसांत तक्रार."

 "असं होय," ती म्हणाली. मग अगदी हळू, "करते मॅडम. बरं झालं सांगितलंत."

फोन ठेवला. काम व्यवस्थित झालं. सगळे मुद्दे सांगून झाले.

जेवले नाही. ताईने दोनदा विचारलं. पित्त झालंय म्हटलं.

९ मार्च, रविवार

ताई सकाळी म्हणाली, "खोटं काय होतं ते सांगितलंस तिला. खरं काय आहे, ते?"

मी म्हटलं, खरं सगळं सांगितलं, बँक, पोलीस, सिमकार्ड.

ताई केर काढायला गेली. तिला कधीकधी काय म्हणायचं असतं, तेच कळत नाही.

१० मार्च, सोमवार

बेडकी बस चालवते. तिने फोनवर सांगितलं नव्हतं, दगडाकडून कळलं. तिच्या मार्गाच्या थांब्यावर सकाळी जाऊन उभी राहिले. का, ते नीट सांगता येणार नाही. फोनवर कोणीही कोणीही असू शकतं, समोरासमोर बोललेलं बरं, असं काहीसं डोक्यात होतं.

दोन बस दुसऱ्याच चालकांच्या निघाल्या. तिसऱ्या बसच्या चाकामागे ती. अंगावर निळा गणवेश, बाह्या दुमडलेल्या. थोडी रुंद झालीय. चढताना माझ्या तोंडून निघून गेलं, "खांदे सरळ."

तिचे खांदे आधी सरळ झाले, मान नंतर वळली. डोळे एवढे मोठे.

"ओळखपत्र दाखवू का?" मी विचारलं.

"नको मॅडम," ती म्हणाली. "पटली ओळख."

चालकाशी बोलू नये अशी पाटी होती. मी पाळली. पहिल्या बाकावर बसून राहिले आणि तिचं काम बघितलं. वळणावर बस अशी काढते, की उभ्या माणसाचा हात दांडीवरून सुटत नाही. एक म्हातारे गृहस्थ चढत होते, ते टेकेपर्यंत तिने गाडी हलवली नाही, मागून कोणी भोंगा वाजवत होता तरी. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. गाडी तिथे थोडा वेळ उभी राहते.

तीच आधी बोलली. "बँकेने सांगितलं, मॅडम, रविवारीच माझ्या नावाने कर्जाचा अर्ज आला होता. पण मी शनिवारी कळवलं होतं, म्हणून अडवला. तुमचा फोन आला नसता तर गेलेच होते." हसायचा प्रयत्न करत होती. "मी पण किती खुळी. मला कळायला हवं होतं. इतकं चांगलं तुम्ही कशाला लिहाल?"

हे तिने रागाने म्हटलं असतं तर चाललं असतं. साधेपणाने म्हणाली.

मी म्हटलं, "हे बघ. त्या माणसाने माझं बरंच काही चोरलं. त्याला वाटलं, आपण मनाने काहीतरी गोड लिहितोय. ते अभिमानाचं वाक्य त्याचं नाही. ते माझं आहे. त्याने ते माझ्याआधी वापरलं, एवढंच."

 ती म्हणाली, "पुन्हा म्हणा."

"काय पुन्हा?"

"एकेक वळण तुम्ही मला वीस वीस वेळा करायला लावायचात. पुन्हा म्हणा."

"मला तुझा अभिमान वाटतो. तेव्हा वाटायचा. आत्ता ते गृहस्थ चढले, तेव्हाही वाटला."

तेवढ्यात कोणीतरी दार ठोठावलं. प्रवासी जमले होते. तिने बाहीने तोंड पुसलं आणि दार उघडलं. येताना मी पुन्हा पहिल्या बाकावर. माझा थांबा येऊन गेला. गाडी पुढे गेली तरी मी उतरले नाही. फुकट एक फेरी जास्त झाली.

घरी येऊन खूप जेवले. पित्त गेलं वाटतं.

११ मार्च, मंगळवार

खातं परत मिळालं! पोलीस ठाण्यातल्या चष्मेवाल्या बाईंसमोरच उघडलं. आता मीही आतून कडी घातली, माझा स्वतःचा पिन. जन्मतारीख नाही, घर क्रमांक नाही. बाईंनी बजावलं, की कुठे लिहू नका. म्हणून इथेही लिहीत नाही.

चोराने माझ्या नावाने पाठवलेले मेसेज वाचले. लिहितो बरा, पण शुद्धलेखन वाईट.

१५ मार्च, शनिवार

दगडाने नवीनच काढलंय. म्हणते, मॅडम, तलावावर एक वर्ग घ्या, फसवणुकीपासून कसं वाचायचं त्याचा. मी म्हटलं, मी स्वतः फसलेली, मी काय शिकवणार? ती म्हणाली, "तुम्हीच सांगायचात ना, नाकातोंडात पाणी गेल्याशिवाय कोणी पोहायला शिकत नाही." म्हणायचे खरी.

व्यवस्थापकाने रविवारची सकाळ दिली. मला वाटतं, आठदहा लोक येतील.

२३ मार्च, रविवार

इतके लोक फसवणुकीला घाबरून असतात, याची मला कल्पना नव्हती! काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. तुफान बेकरीतून टोपलीभर पाव घेऊन आला. जुळ्यांची आई जुळ्यांना घेऊन. बेडकी नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन. कोणी दुसऱ्या शहरातून पहाटेची गाडी पकडून आलेले. फुलं कशाला आणली होती कळलं नाही, वर्गात फुलांचं काय काम? बहुतेकांनी लिहून काही घेतलं नाही, नुसते माझ्याबरोबर फोटो काढत होते. शिस्त अजिबात राहिलेली नाही.

शिट्टी वाजवली. सगळे एकदम गप्प. जुळीसुद्धा.

सगळ्यांना काठावर बसवून पाय पाण्यात सोडायला लावले. म्हटलं, "बुडणारा माणूस काय करतो?"

"हातपाय मारतो!" सगळे.

"आपण काय शिकलो?"

"उताणं व्हायचं! तरंगायचं! श्वास घ्यायचा!"

"मग फोनवर कोणी म्हणालं, की खातं बंद होतंय, पोलीस येतायत, तुमचा मुलगा अपघातात सापडलाय, आत्ताच्या आत्ता आकडा सांगा, तर तो तुम्हाला खोल पाण्यात ढकलतोय. हातपाय मारू नका. फोन ठेवा. श्वास घ्या. मग तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. पलीकडचा माणूस खरा असेल तर उचलेल."

मग सराव. चोर झाली ताई. अशी चोर कोणी पाहिली नसेल. खुर्चीत बसली, खोटा फोन कानाला लावला आणि मधाळ आवाजात तुफानला म्हणाली, "काय रे, आवाज बसलाय तुझा, भट्टीजवळ फार उभा राहतोस का? आई काळजी करत असेल. कधीचा रे तुझा जन्म, थंडीतला का?" आणि त्या शहाण्याने तारीख सांगितली! लगेच आईचं नाव सांगितलं. शाळेचं सांगितलं. ताई म्हणाली, "झालं बाळा, तुझं खातं माझं." सगळ्या तलावात हशा. तुफान पावाच्या टोपलीमागे लपला. बेडकीच्या सासूबाई मात्र खंबीर. ताईने नाना तऱ्हा केल्या, त्यांनी एकच धरलं: "सूनबाई आली की विचारते." त्यांना मी टाळ्या मिळवून दिल्या.

शेवटी ठरलं, की आपल्या सगळ्यांचा एक परवलीचा शब्द असावा. अनोळखी नंबरवरून कोणी आपलं माणूस म्हणून बोललं, की आधी शब्द विचारायचा. नाही आला तर फोन कापायचा, समोर कोणी का असेना. शब्द जुळ्यांपैकी एकीने सुचवला आणि एकमताने पास झाला. इथे लिहीत नाही. शिकले मी.

नंतर कोणीतरी पाण्यात उडी मारली, मग दुसऱ्याने, मग सगळेच कपड्यांसकट. मी ओरडत होते, नियम आहेत, अंघोळ करून उतरा. कोणी ऐकलं नाही. बेडकीने तलावाच्या दोन फेऱ्या मारल्या. पाणी अजून तिला वाट देतं.

वर्ग फारसा गंभीरपणे झाला नाही. तरी पुन्हा घ्यावा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दर महिन्याला. एवढी कशाची भीती वाटते लोकांना, देव जाणे.

५ एप्रिल, शनिवार

आज तलावावर बैठक होती. पाण्याची भीती असलेल्या मोठ्या माणसांसाठी सकाळचा वर्ग सुरू करायचा माझा अर्ज मंजूर झाला. मी मुख्य शिक्षिका. एक सहायक शिक्षिका हवी, असं मी लिहिलं होतं आणि नावही घातलं होतं. तेही मंजूर. तिच्या पाळ्या सांभाळून वेळ ठरवायची, हेसुद्धा.

बैठक संपताच व्यवस्थापकाच्या टेबलावरचा फोन उचलला आणि बेडकीला लावला. घरी जाईपर्यंत कोण थांबणार?

"बेडके, ऐक, मी बोलतेय. फार मोठी आनंदाची बातमी आहे. तुझी निवड झाली! आजच्या आज होकार कळवायचाय आणि तुझी कागदपत्रं…"

"शब्द?" ती म्हणाली.

"काय?"

"परवलीचा शब्द सांगा."

आनंदाच्या भरात मला तो काही केल्या आठवेना. जिभेवर होता. म्हटलं, "अगं, मी आहे, मॅडम. तो आपला… त्या जुळीने सांगितला नव्हता का…"

खट्. फोन कापला.

मी रिसीव्हर हातात धरून उभी. व्यवस्थापक घाबरून म्हणाले, "काय झालं मॅडम? काही वाईट?"

"माझ्या तोंडावर फोन आपटला," मी म्हटलं. "शाबास! बघितलंत? ही माझी विद्यार्थिनी."

त्यांना काही कळलं नाही. समजावून सांगणार, एवढ्यात पिशवीत माझा स्वतःचा फोन वाजायला लागला. बेडकी. तिच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, तिने स्वतः केलेला.

"मॅडम," ती एका दमात म्हणाली, "आत्ता एक बाई तुमच्या नावाने फोन करत होती. आवाज अगदी तुमचाच, पण भयंकर खूश होती, आणि कागदपत्रं मागत होती. मी लगेच कापला. तुम्ही सावध राहा."

मी म्हटलं, "ती मीच होते."

 ती इतकी हसायला लागली, की मागे सासूबाई काय झालं काय झालं विचारत आल्या. मलाही हसू आवरेना. व्यवस्थापकांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"बोला मॅडम," ती हसतच म्हणाली. "आता बोला. कसली बातमी?"

मी पाणी प्यायले, खुर्चीत नीट बसले आणि तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.